ब्रेकच्या पेडलमधली दोन भोकं

१९६० च्या दशकातल्या शेवरोले शेव्हेलच्या किंवा कॅमारोच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून वर पाहिलं, की ब्रेकच्या पेडलची दांडी टांगलेली दिसते. वर तिची बिजागरी, खाली पाय ठेवायचं रबर. बिजागरीच्या थोडं खाली दांडीत दोन भोकं असतात, एकमेकांपासून साधारण इंचभर अंतरावर. एका भोकात पिन असते आणि त्या पिनेला अडकवलेला पुशरॉड इंजिनाच्या बाजूला गेलेला असतो. दुसरं भोक रिकामं.

गिऱ्हाइकानं साधे ब्रेक घेतले असतील, तर कारखान्यात पुशरॉड वरच्या भोकात बसवायचे. जादा पैसे भरून पॉवर ब्रेक मागितले असतील, तर खालच्या. दांडी एकच, गाड्या दोन तऱ्हेच्या. पुढे पन्नास-साठ वर्षांत गाडी चार-पाच मालकांच्या हातून फिरते. कुणी मध्येच पॉवर ब्रेकचा बूस्टर बसवतं, कुणी बिघडलेला बूस्टर काढून टाकतं आणि पुशरॉड मात्र होता त्याच भोकात राहतो. मग नव्या मालकाचा छळ सुरू होतो. एक तर पेडल इतकं कडक की पाय भरून येतो, नाहीतर इतकं हळवं की पाय टेकताच चाकं जाम होतात. लायनर बदलले जातात, व्हील सिलिंडर बदलले जातात, ब्रेक ऑइल नवं भरून पुन्हा पुन्हा हवा काढली जाते. खोट इंचभर अंतरात दडलेली असते, आणि तिकडे कुणी बघतच नाही.

हा इंच इतका महत्त्वाचा का, हे अडकित्ता हाताळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सुपारी टोकाशी धरली तर बोटं दुखतात, बिजागरीजवळ सरकवली की सहज फुटते. ब्रेकचं पेडल ही त्याच जातीची तरफ आहे. बिजागरीपासून पायाच्या रबरापर्यंतचं अंतर ३० सेंटिमीटर आणि बिजागरीपासून पुशरॉडच्या पिनेपर्यंतचं अंतर ५ सेंटिमीटर असेल, तर पायाचा जोर सहापट होऊन पुशरॉडवर येतो. पिन अडीच सेंटिमीटर खाली सरकवली, म्हणजे अंतर साडेसात सेंटिमीटर झालं, की तोच जोर चौपटच होतो. गॅरेजच्या भाषेत हा ‘पेडल रेशो’. साध्या ब्रेकच्या गाड्यांत तो सहाच्या आसपास ठेवतात, पॉवर ब्रेकच्या गाड्यांत चारच्या आसपास.

मग सगळ्याच गाड्यांना सहा का नाही? कारण तरफ जोर वाढवते तेव्हा अंतर मागून घेते. पुशरॉड १ सेंटिमीटर आत जायला सहाच्या रेशोत पाय ६ सेंटिमीटर खाली जावा लागतो, चारच्या रेशोत फक्त ४. साध्या ब्रेकचं पेडल म्हणूनच जमिनीपासून उंच असतं आणि लांबवर दाबावं लागतं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलून, गुडघा वर घेऊन, मग ब्रेकवर ठेवावा लागतो. पॉवर ब्रेकचं पेडल खाली, अ‍ॅक्सिलरेटरच्या जवळपासच्या पातळीवर बसवता येतं आणि ते थोडंच दाबावं लागतं. जुन्या गाडीत बसल्याबसल्या नुसतं पेडलच्या उंचीकडे पाहून मूळ ब्रेक कोणते असावेत याचा अंदाज जाणकार बांधतात, तो याच कारणानं. काही अमेरिकन गाड्यांत तर पेडलच्या रबरावरच ‘पॉवर ब्रेक’ अशी अक्षरं उठवलेली असत, आणि मस्टँग, कॅमारोसारख्या गाड्यांत पुढे डिस्क ब्रेक असतील तर तसं सांगणारा गोल बिल्ला पेडलच्या रबरात बसवलेला असे.

पेडलचं काम पुशरॉडपाशी संपतं. पुढे मास्टर सिलिंडर लागतो. त्यातला पिस्टन ब्रेक ऑइलला रेटतो आणि तो दाब नळ्यांतून चारही चाकांना पोहोचतो. इथे दुसरा हिशोब सुरू होतो. सिलिंडरचा व्यास जितका लहान, तितका त्याच जोरात दाब अधिक. पण ऑइल कमी सरकतं, म्हणून पिस्टन जास्त आत जावा लागतो. तरफेनं जी देवाणघेवाण केली, तीच इथे पुन्हा होते.

आकडे मांडून बघितले की चित्र लख्ख होतं. चालकानं पेडलवर ३० किलोंचा जोर लावला. सहाच्या रेशोनं तो पुशरॉडवर १८० किलो झाला. मास्टर सिलिंडर ७/८ इंची असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ भरतं ३.८८ चौरस सेंटिमीटर, आणि नळ्यांत दाब तयार होतो दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४६ किलो. चाकांतले शू ड्रमला नीट भिडवायला ८ घनसेंटिमीटर ऑइल सरकावं लागतं असं धरलं, तर पिस्टन दोन सेंटिमीटरांहून किंचित जास्त आत जाईल आणि पेडल बारा सेंटिमीटरांच्या पुढे खाली येईल. म्हणजे अर्ध्या वितीहून थोडंसं जास्त.

पॉवर ब्रेकच्या गाडीत हाच हिशोब वेगळ्या वाटेनं जातो. तिथे पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये एक मोठा गोल पत्र्याचा डबा असतो, तो बूस्टर. डब्याच्या आत रबरी पडदा ताणून बसवलेला असतो. पेट्रोल इंजिन हवा ओढून घेतं तेव्हा त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. तिथून एक नळी डब्याकडे येते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेते. पाय वर असेपर्यंत पडदा स्वस्थ असतो. पेडल दाबलं की एक झडप उघडते आणि पेडलच्या बाजूला बाहेरची हवा आत शिरते. शांत गाडीत तिचा हलका फुस्स आवाजही ऐकू येतो. आता पडद्याच्या एका अंगाला वातावरणाचा दाब आणि दुसऱ्या अंगाला निर्वात. पडदा पुढे ढकलला जातो आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला रेटतो. पाय थांबला की झडप मिटते, जोर तिथेच राहतो. पाय आणखी दाबला तर आणखी हवा. चालकाला वाटतं आपणच दाबतोय, आणि ते खोटंही नसतं, कारण किती मदत घ्यायची ते त्याचा पायच ठरवत असतो.

आठ इंची, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा पडदा घेतला तर त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. निरोगी इंजिन निवांत चालू असताना पडद्याच्या दोन अंगांतला दाबाचा फरक दर चौरस सेंटिमीटरला ६०० ग्रॅमच्या आसपास भरतो. गुणाकार केला तर हवा जवळजवळ १९० किलोंचा जोर लावते. चालकाचे १५ किलो चारच्या रेशोनं ६० झाले, त्यात हे १९० मिळवले, झाले २५०. मास्टर सिलिंडर एक इंची असला तरी दाब दर चौरस सेंटिमीटरला ४९ किलो. वर साध्या ब्रेकला जेवढा आला तेवढाच, किंबहुना थोडा जास्त. पायाला मात्र निम्माच जोर लागला, आणि सिलिंडर मोठा असल्यामुळे तेच ८ घनसेंटिमीटर ऑइल सरकवायला पेडल सव्वासहा-साडेसहा सेंटिमीटरच खाली गेलं.

पॉवर ब्रेकची खरी करामत इथे आहे. बूस्टर नुसता जोर पुरवत नाही. त्याच्याकडे जोर उरतो म्हणून बनवणाऱ्याला पेडल खाली आणता येतं, दाबायचं अंतर कमी करता येतं आणि सिलिंडर मोठा घेता येतो. पेडल, बूस्टर आणि सिलिंडर ही तिन्ही एकमेकांसाठी घडवलेली असतात, म्हणून त्यातलं एकच बदललं की बाकीची दोन अडचणीत येतात.

मोटारीला ब्रेकसाठी मदत हवी हे शहाणपण फार जुनं आहे. हिस्पानो-सुइझा कंपनीनं १९१९ मध्ये एच-६ ही गाडी आणली तेव्हा मार्क बिर्किग्ट या स्विस अभियंत्यानं गाडीच्या चालीतूनच ब्रेकला जोर मिळवून दिला होता. ही कल्पना रोल्स-रॉइसनं परवाना घेऊन उचलली आणि १९२४ पासून वापरली. गिअरबॉक्सवरून फिरणारी एक चकती असे. पेडल दाबलं की तिच्यावर घर्षण होऊन ब्रेकच्या दांड्या ओढल्या जात. गाडी वेगात असेल तर मदत लगेच मिळे. अगदी रांगत असेल तर चकतीही रांगतच फिरे आणि ब्रेक लागायला क्षणभर उशीर होई. भारतातल्या संस्थानिकांनी हौसेनं मागवलेल्या अनेक रोल्स-रॉइस गाड्यांत ही यंत्रणा होती, आणि सिल्व्हर क्लाउडपर्यंत ती टिकली.

निर्वाताचा वापर करणारा बूस्टर बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र यानं १९२० च्या दशकात पुढे आणला, आणि अमेरिकेत पिअर्स-अ‍ॅरो कंपनीनं १९२८ मध्ये आपल्या महागड्या गाड्यांना असा बूस्टर दिला. ऑइलच्या दाबावर चालणारे ब्रेकही तेव्हा सगळीकडे पोहोचले नव्हते. ड्युझेनबर्गनं १९२१ मध्ये आणि क्रायस्लरनं १९२४ मध्ये ते चारही चाकांना दिले. शेवरोलेनं ते १९३६ मध्ये घेतले, आणि फोर्ड तर १९३८ च्या मॉडेलपर्यंत दांड्या आणि तारांच्या ब्रेकला चिकटून राहिली.

सर्वसामान्य अमेरिकन गिऱ्हाइकाच्या घरी पॉवर ब्रेक आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. पॅकार्डनं १९५२ मध्ये ‘ईझामॅटिक’ या नावानं ते विकायला काढले. यंत्रणा होती बेंडिक्स कंपनीची, ट्रेडल-व्हॅक. पेडल मुद्दाम खाली आणलेलं होतं. टाच जमिनीवर टेकलेली ठेवून पाऊल नुसतं उजवीकडून डावीकडे वळवलं तरी ब्रेक दाबता यावा, हा हेतू. गाड्या लांब-रुंद आणि जड होत चालल्या होत्या, ऑटोमॅटिक गिअर आल्यानं डाव्या पायाला कामच उरलं नव्हतं आणि गाडी चालवणं जितकं सहज वाटेल तितकी ती खपत होती. पण कमी रेशोची दुसरी बाजूही तेव्हाच दिसली. बूस्टर रुसला, की तेच सुखाचं पेडल एकदम जड व्हायचं, कारण पायाजवळ तरफेची ताकदच उरलेली नसे.

फ्रान्समध्ये सित्रोएननं तर १९५५ च्या डीएस गाडीत पेडलच काढून टाकलं. जमिनीवर एक रबरी बटण, कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचं. ते जेमतेम हलायचं. पाय किती अंतर गेला याला महत्त्व नाही, किती जोरानं दाबला एवढंच यंत्रणा ओळखायची. इंजिनावर चालणारा पंप उच्च दाबाचं ऑइल तयार ठेवायचा आणि बटण त्याला वाट करून द्यायचं. साध्या पेडलची सवय असलेला माणूस पहिल्यांदा डीएस चालवायला बसला, की बटणावर पाय ठेवताच गाडी नाक खाली घालून थांबायची. सवय झालेल्यांना मात्र पुढे दुसरी गाडी आळशी वाटायची.

साधे ब्रेक इतकी वर्षं टिकले याचं बरंचसं श्रेय ड्रमला जातं. ड्रम फिरत असताना आतला शू त्याला टेकला, की फिरणारा ड्रमच त्या शूला आपल्याकडे ओढून अधिक घट्ट करतो. अमेरिकन गाड्यांत तर एक शू दुसऱ्याला ढकलेल अशी रचना असे. म्हणजे मदतनीस चाकातच बसलेला. त्यामुळे दीड टनाच्या आसपासची शेव्हेल बूस्टरशिवायही थांबवता येत होती. ड्रमची अडचण वेगळी होती. लांब उतारावर तो तापला की ब्रेक ढिला पडायचा, आणि पाण्यातून गेलं की काही काळ धरायचाच नाही.

डिस्कनं ही अडचण सोडवली. डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जग्वार सी-टाइपनं १९५३ मध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि १९५७ च्या एक्सके-१५० पासून ते जग्वारच्या रस्त्यावरच्या गाड्यांत सर्रास येऊ लागले. पण डिस्कला पॅड दोन्ही बाजूंनी सरळ दाबतात. फिरणारी डिस्क पॅडला ओढून घट्ट करत नाही. चाकातला तो फुकटचा मदतनीस गेला. आता तेवढाच परिणाम साधायला ऑइलचा दाब पुष्कळ जास्त हवा. डिस्क आणि बूस्टर यांची जोडी जमली ती या गरजेतून.

तरीही या जोडीशिवाय चांगले ब्रेक देणाऱ्या गाड्या होत्या, आणि त्या मुद्दाम आठवाव्यात. फोर्ड मस्टँगला १९६५ मध्ये पुढच्या चाकांना केल्सी-हेज कंपनीचे चार पिस्टनांचे डिस्क ब्रेक पर्याय म्हणून मिळायचे, आणि त्यांच्याबरोबर बूस्टर मिळतच नसे. बूस्टर हवा असेल तर ड्रम घ्या, डिस्क हवी असेल तर पाय वापरा, असा मामला. दोन्ही एकत्र मिळायला १९६७ चं मॉडेल यावं लागलं. त्याच १९६५ मध्ये शेवरोले कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क आल्या, तिथेही बूस्टर पर्यायीच होता. पोर्श ९११ तर १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चार डिस्कवर आणि बूस्टरशिवाय धावली. गाडी हलकी, इंजिन मागे असल्यानं पुढच्या चाकांवर भार कमी, पॅड दाबणारे कॅलिपर आणि सिलिंडर नेमके जुळवलेले. त्या पेडलमधून जे कळायचं, म्हणजे टायर कुठल्या क्षणी रस्ता सोडू पाहतोय ते, शर्यतीतल्या चालकांना बूस्टरमधून तितकं स्पष्ट कळत नसे. साधे ब्रेक म्हणजे गरिबाचे ब्रेक, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. नीट जुळवलेला साधा ब्रेक हा अर्धवट बसवलेल्या पॉवर ब्रेकपेक्षा केव्हाही भरवशाचा.

अर्धवट बसवलेला म्हणजे कसा? सगळ्यांत जास्त आढळणारी चूक ही, की बूस्टर काढला जातो आणि पुशरॉड खालच्याच भोकात राहतो. वरचाच हिशोब पुढे नेला तर ४६ किलोंचा दाब मिळवायला एक इंची सिलिंडरवर पायानं ५८ किलोंचा जोर लावावा लागेल. सिलिंडर १-१/८ इंची असेल, आणि पॉवर ब्रेकच्या अनेक अमेरिकन गाड्यांत तो तसाच असे, तर ७४ किलो. हे आकडे धडधाकट माणसालाही रोज झेपणारे नाहीत. समोर अचानक कुणी आलं तर मुळीच नाहीत. पुशरॉड वरच्या भोकात घेणं आणि सिलिंडर लहान व्यासाचा लावणं, हे दोन्ही केल्याशिवाय बूस्टर काढण्यात अर्थ नाही.

उलट बाजूची चूक म्हणजे बूस्टर बसवला आणि पुशरॉड वरच्या भोकात ठेवला. पायाचा जोर आधीच सहापट होतोय, त्यावर बूस्टरची भर. दहा किलोंतच पूर्ण दाब येतो. ओल्या रस्त्यावर अशी गाडी चालवणं धोक्याचं आहे. शिवाय पेडल लांबवर जातं ते जातंच. आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. खालच्या भोकाशी पुशरॉड सरळ रेषेत यावा म्हणून जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत बूस्टर ब्रॅकेटवर नाक किंचित वर करून बसवलेला असतो. तोच पुशरॉड वरच्या भोकात ओढून बसवला, की तो तिरपा होऊन बूस्टरच्या तोंडाशी अडतो. पेडल कधी पूर्ण परत येत नाही, कधी दाबताना अडकतं.

सगळ्यांत घातक चूक मात्र मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमध्ये असते. साध्या ब्रेकच्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या पाठीत खोल भोक असतं, पेडलकडून येणारा लांब पुशरॉड त्यात चांगला आत जाऊन बसतो. पॉवर ब्रेकच्या सिलिंडरमध्ये तिथे उथळ खळगा असतो, कारण बूस्टरचा आखूड पुशरॉड डब्याच्या आतच धरून ठेवलेला असतो. तो निसटायला जागाच नसते. बाहेरून दोन्ही सिलिंडर सारखे दिसतात, बोल्टही त्याच अंतरावर. बूस्टर काढून उथळ खळग्याचा सिलिंडर थेट लावला, तर पेडल झटक्यानं वर आलं की पुशरॉड खळग्यातून निसटून खाली पडू शकतो. त्यानंतर पेडलला काहीच जोडलेलं नसतं. सुटे भाग घेताना सिलिंडर उलटा करून पिस्टनच्या पाठीत बोट घालून बघायचं, एवढंच यासाठी पुरतं.

पुशरॉडची लांबीही अशीच जपायची. पाय काढल्यावर पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात केसभर मोकळीक राहिली पाहिजे. ती नसेल तर सिलिंडरमधलं ऑइल परत टाकीत जायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, ऑइल तापून फुगतं, त्याला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप लागून बसतात. चालकाला वाटतं इंजिन ओढत नाहीये. मोकळीक जास्त झाली, तर पेडलचा वरचा भाग नुसता पोकळ जातो.

इंजिनात फेरफार करणाऱ्यांना आणखी एका अडचणीला तोंड द्यावं लागतं. शर्यतीच्या थाटाचा तिखट कॅमशाफ्ट बसवला, की इंजिन मंद गतीला धडधडत राहतं आणि मॅनिफोल्डमधला निर्वात बराच घटतो. बूस्टरला खायला मिळेनासं होतं. अशा गाडीला वेगळी निर्वाताची टाकी किंवा पंप लागतो. नाहीतर साध्या ब्रेककडे परत जाणं उत्तम. डिझेल गाड्यांना पंप लागतो तो निराळ्या कारणानं. डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर पेट्रोल इंजिनासारखा हवा अडवणारा पडदा नसल्यामुळे तिथे पुरेसा निर्वात तयारच होत नाही.

ब्रिटिशांनी या सगळ्यातून वेगळी वाट काढली होती. त्यांच्या बऱ्याच गाड्यांत पेडल आणि सिलिंडर मूळचेच ठेवून लॉकहीड किंवा गर्लिंगचा सुटा बूस्टर, म्हणजे सर्व्हो, ऑइलच्या नळीवर बसवला जाई. तो बॉनेटखाली जिथे जागा मिळेल तिथे. सिलिंडरकडून आलेला दाब तो वाढवून पुढे चाकांकडे पाठवतो. पेडल रेशोला हात लावावा लागत नाही, आणि सर्व्हो बंद पडला तरी पायाजवळ साध्या ब्रेकची पूर्ण तरफ शिल्लक राहते. मॉरिस मायनर किंवा जुनी विलीज जीप, जिचा मास्टर सिलिंडर जमिनीच्या पत्र्याखाली असतो आणि पेडल पत्र्यातून वर येतं, तिथे गोल डबा बसवायला जागाच नसते. महिंद्रनं १९४७ पासून मुंबईत जोडलेल्या जीप याच घराण्यातल्या. त्यांना मदत द्यायची झाली तर हाच मार्ग सोयीचा.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली होती. प्रीमियरनं पुढे कुर्ल्यात क्रायस्लर घराण्यातल्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या आणि मग फियाट बनवल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली प्रीमियर पद्मिनी चारही चाकांना ड्रम घेऊन बूस्टरशिवाय दशकानुदशकं धावली. तिचं वजन टनापेक्षा कमी होतं, त्यामुळे चालकाच्या मांडीला ते पेलत असे. अँबॅसेडरही कितीतरी वर्षं तशीच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा मुंबईच्या रस्त्यावरून उंच, लांब जाणाऱ्या पेडलची एक अख्खी पिढी गेली. एका दाबात ब्रेक धरला नाही तर भरभर दोन पंप मारायचे आणि घाटात दुसऱ्या गिअरवर उतरायचं, हे त्या चालकांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

घाटाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये गाडी उतरवताना मॅनिफोल्डमधला निर्वात सर्वांत चांगला असतो, बूस्टर पोटभर जेवलेला असतो. पण पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून, गिअर काढून गाडी सोडून द्यायची जुनी सवय पॉवर ब्रेकच्या गाडीत जिवावर बेतू शकते. डब्यात साठलेला निर्वात दोन-तीन दाबांत संपतो. त्यानंतर चालकाच्या पायाखाली चारच्या रेशोचं, मोठ्या सिलिंडरचं जड पेडल उरतं. साध्या ब्रेकच्या गाडीत निदान पेडलचं वागणं बदलत नाही.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. अशा गाड्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. गाडी जेवढी मूळ रूपात तेवढं तिचं मोल, हा विचार आता कायद्यातही आला आहे. पण रॅलीच्या गर्दीत, मोबाइलकडे बघत रस्ता ओलांडणाऱ्या माणसांमधून चालवायची गाडी थांबलीही पाहिजे. जुन्या गाडीला बूस्टर बसवावा की नाही याचं उत्तर मालकाच्या वयावर, गाडीच्या वजनावर आणि ती किती फिरणार यावर ठरेल. बसवायचाच असेल तर पेडल, बूस्टर आणि सिलिंडर हा पूर्ण संच बदलावा. एकाच वेळी मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा घेतला तर आणखी उत्तम. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून तो सर्वत्र आला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत एकच कप्पा असतो आणि एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात.

बूस्टर शाबूत आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे डब्यातला निर्वात संपतो. मग पेडल मध्यम जोरानं दाबून धरायचं आणि इंजिन सुरू करायचं. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली आपसूक थोडं खाली जातं. तसूभरही हललं नाही तर बूस्टर मदत करत नाहीये. दुसरी चाचणी अशी, की इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं, थोडा वेळ थांबायचं आणि मग पेडल दाबायचं. पहिले एक-दोन दाब मऊ लागायला हवेत. पहिल्याच दाबाला पेडल कडक लागलं, तर निर्वात कुठून तरी गळतोय. अशा वेळी आधी नळीच्या टोकाचा चेक व्हॉल्व्ह आणि तो बसतो ते रबर बघावं, मग इंजिनाकडे जाणारी नळी तडकली आहे का ते. या वस्तू स्वस्त आहेत आणि बदलायला थोडाच वेळ लागतो. त्या ठीक असूनही गळती थांबली नाही, तर पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. मग बूस्टर उतरवून दुरुस्तीला द्यावा लागतो, आणि तो परत येईपर्यंत गाडी उभीच ठेवावी.